दहा मीटर इकडे, दहा मीटर तिकडे

हॅमवाल्यांच्या, म्हणजे हौसेखातर रेडिओ सेटवरून लांबच्या लोकांशी बोलणाऱ्यांच्या, गप्पा ऐका, सगळं सेटवरच चाललेलं असतं, कुणाचा जपानी, कुणाचा चायनीज, वॉट किती, डिस्प्ले कसला, आणि सगळे पैसे त्यात घालून झाले की मग अँटेनाची आठवण येते. मला हे उलटं वाटतं. सेट घरी बनवणारे आता मोजकेच उरलेत, अँटेना मात्र अजूनही कुणालाही जमते आणि निम्मा खेळ तर तिचाच आहे.

सगळ्यात साधी अँटेना डायपोल, ती म्हणजे काय, तर मधोमध तोडलेली तार. ४० मीटर बँडला (म्हणजे साधारण तेवढ्या तरंगलांबीच्या लहरींना) अर्ध्या तरंगलांबीची तार लागते, त्यासाठी १४३ भागिले ७.१ मेगाहर्ट्झ करायचं, वीस मीटरच्या आसपास येतं, म्हणजे दहा इकडे दहा तिकडे. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तार चालते, मधे आणि टोकांना भोकं पाडलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे, कोॲक्सची (सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या, टीव्हीसारख्या केबलची) आतली तार एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला, डाग द्यायचा, झालं. तार मापापेक्षा हातभर जास्तच घ्यायची, कारण कापणं सोपं, जोडणं कटकटीचं. जास्तीच्या लांबीमुळे आणि प्लास्टिकच्या आवरणामुळे फ्रिक्वेन्सी खाली सरकलेली असते, मग एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा) बघत दोन्हीकडून बोटबोट कापत ती वर आणायची. खरी मजा या कापाकापीतच आहे, काटा जरा हलला की चहा थंड झालेला पण कळत नाही.

खरी परीक्षा सोसायटीच्या गच्चीवर. (सरकारी परीक्षा वेगळी, ती दिल्याशिवाय व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, मिळत नाही आणि बोलता येत नाही.) सेक्रेटरींना वाटतं मोबाइल टॉवर उभा राहतोय, काकू विचारतात, "ही वाळणाची दोरी का रे?" काकूंचा प्रश्न मी जास्त सिरियसली घेतो, कारण डायपोलच्या टोकांना व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, शंभर वॉट सोडलेले असताना कुणी ओला टॉवेल टाकायला गेलं तर चटका बसणार. म्हणून मधे उंच बांबू, दोन्ही बाजू उतरत्या आणि टोकं हात पोचणार नाही इतकी वर. याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात, एकाच बांबूत भागतं, शिवाय सरळ डायपोलचा ७३ ओहमचा इम्पिडन्स (विजेच्या लहरींना होणारा अडथळा) खाली उतरून कोॲक्सच्या ५० च्या जवळ येतो. विजेच्या तारांपासून मात्र लांब म्हणजे लांबच, आणि ढग गडगडायला लागायच्या आधीच कोॲक्स सेटपासून काढून बाहेर.

दिवसा यावर पुण्याहून नागपूर, हैदराबाद असं आरामात बोलणं होतं. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा (वर उंचावरच्या, रेडिओ लहरी परत खाली पाठवणाऱ्या हवेच्या पट्ट्याचा) खालचा, सिग्नल खाऊन टाकणारा थर विरतो आणि लांबलांबचे आवाज एकमेकांवर चढायला लागतात, झोपेचं खोबरं होतं ते इथेच.

आणि एक फुकटचा बोनस, हीच तार २१ मेगाहर्ट्झला पण चालते, तिथे ती दीड तरंगलांबीची होते, ट्यूनरने (सेट आणि अँटेना जुळवून देणाऱ्या डब्याने) थोडं सांभाळून घ्यावं लागतं इतकंच. सेक्रेटरींना हे सांगायची गरज नाही.