बीकन स्ट्रीटवरची बंद घरे

बॉस्टनला आलेले बहुतेक पर्यटक फ्रीडम ट्रेलच्या लाल विटांच्या रेघेवरून चालत असतात. मी पब्लिक गार्डनपासून पश्चिमेला वळून बीकन स्ट्रीट धरला. मला ३०२ नंबरचे घर गाठायचे होते. अमेरिकन कादंबरीकार विल्यम डीन हॉवेल्स १८८४मध्ये तिथे राहायला आला आणि तिथेच त्याने ‘द राइज ऑफ सायलस लॅफम’ ही कादंबरी लिहिली.

हा सगळा बॅक बे भाग म्हणजे भराव. चार्ल्स नदीकाठच्या दलदलीत निडहॅमहून रेल्वेने खडी आणून ओतली आणि त्यावर श्रीमंतांची वस्ती उठली. कादंबरीतला लॅफम व्हरमाँटचा, रंगाच्या धंद्यात पैसा केलेला. तो याच रस्त्याला, नदीच्या बाजूला घर बांधायला काढतो. जमिनीत लाकडी खांब ठोकणारे यंत्र बघत बायकोसोबत उभा राहिलेला लॅफम मला फार आवडतो. रस्त्याने जाताना तोच डोळ्यांपुढे होता.

१८८४च्या ऑगस्टमध्ये हॉवेल्सने वडिलांना पत्र लिहिले. शेजारची मैलभर घरे उन्हाळ्यामुळे रिकामी, मालक हवा खायला गावाबाहेर. आणि त्याच शहरात हजारो गरीब कोंदट खोल्यांत गुदमरताहेत. हेच त्याने कादंबरीतल्या मेजवानीत आणले. तिथे खानदानी ब्रॉमफील्ड कोरी म्हणतो, आपण गरीब असतो आणि पोर आजारी असते, तर यातले एखादे घर फोडून आत मुक्काम ठोकला असता. मीही ऑगस्टमध्येच गेलो होतो, म्हणून असेल, पण दारे मोजता मोजता हे वाक्य सारखे आठवत होते.

शिकागोत कामगारांच्या सभेत झालेल्या बाँबस्फोटावरून अराजकवाद्यांवर चाललेला खटला म्हणजे हेमार्केट खटला. त्यातल्या कैद्यांना फाशी देऊ नका, असे हॉवेल्सने १८८७मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमधून जाहीरपणे लिहिले. नामवंत लेखकांत तो जवळजवळ एकटा पडला. चौघांना ११ नोव्हेंबरला फासावर चढवलेच. त्या धैर्याची मुळे मला याच रस्त्यावर दिसतात.

‘क्रिटिसिझम अँड फिक्शन’ हे त्याचे समीक्षेचे पुस्तक १८९१चे. तार-पुठ्ठ्याचा ‘आदर्श’ नाकतोडा नको, गवतातला खरा नाकतोडा बघा, असे त्यात तो लेखकांना बजावतो. वास्तववादावर बोलताना सगळे त्या पानाचा दाखला देतात. पान सुरेखच आहे. तरी हॉवेल्स कुठून वाचायला घ्यावा असे कुणी विचारले, तर मी लॅफमच्या चौदाव्या प्रकरणातली ती मेजवानीच पुढे करेन.