जुना ब्रेक शू दाखव
नाना पेठेत दुचाकीच्या पार्ट्सची दुकानं एकाला एक लागून आहेत. लहानपणापासून मी तिथे यायचे, पण काउंटरच्या बाहेरच्या बाजूने. बाबांचं गॅरेज भोरजवळ. महिन्यातून दोनदा एसटीने पुण्याला यायचं, यादी पुढे करायची, पिशवी भरून परत. पुढे आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला, तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. त्याच पेठेत एका दुकानावर ‘काउंटरसाठी माणूस पाहिजे’ अशी पाटी दिसली. माणूस मीही आहे, म्हणून आत गेले.

शेठनी बायोडेटा बाजूला ठेवला आणि टेबलावर तीन बेअरिंग मांडली. नंबरांवर चिकटपट्टी. म्हणाले, “यातलं 6301 दे.”

मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, मागितला. या बेअरिंगांच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. 00 म्हणजे 10 मिलीमीटर, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17. 04 पासून पुढे पाचाने गुणायचं. दोन बेअरिंगांचं भोक 12 भरलं, तिसऱ्याचं 15. मग बाहेरून मोजलं. 12 वाल्यांपैकी एक 32 भरलं, दुसरं 37. 32 वालं 6201, 37 वालं 6301. तेच मी पुढे सरकवलं. हे मला बाबांनी सातवीत शिकवलं होतं, कारण घासलेल्या बेअरिंगवरचा नंबर बऱ्याचदा पुसलेला असतो आणि चुकीचं आणलं तर भोरहून पुन्हा फेरी पडते.

“आता अर्धा तास काउंटरवर उभी राहा,” शेठ म्हणाले.

जेवणाची डिलिव्हरी करणारा एक मुलगा घाईत आला. “मागचे ब्रेक शू द्या.” चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवते ती ही जोडी. गाडीचं नाव ऐकताच जुन्या सेल्समन काकांनी खोकं काढलंसुद्धा. मी विचारलं, “गाडी कोणत्या सालची? जुना शू आणलायस का?” एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचं झालं, आणि त्या सुमारास काही मॉडेलांचा मागचा ड्रम 110 चा 130 मिलीमीटर झाला. नुसत्या नावावर शू देता येत नाही. त्याने पिशवीतून जुना काढला. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, पार धातूपर्यंत झिजला होता. या गाडीवर हा पोरगा दिवसभर पुण्यात फिरत होता!

माप जुळलं. मग त्याने विचारलं, “ओरिजनल ना?”

“ओरिजनलच,” काका म्हणाले.

खोक्यावर पार्ट नंबर नव्हता, पॅकिंगचा महिनाही नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. नोकरी अजून लागलीही नव्हती. तरी बोलले, “नाही, हा लोकल आहे. ओरिजनल त्या कप्प्यात आहे, पण दुपटीहून महाग पडेल.”

त्याने खिसा चाचपला आणि लोकलच घेतला. मला वाईट वाटलं, पण काय घेतोय ते त्याला माहीत होतं. बिलावर मी ‘लोकल’ असं लिहिलं. ड्रम साफ करून घे, ग्रीस फक्त शू ढकलणाऱ्या कॅमला लाव, लायनरला लागू देऊ नकोस, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमच्या झाकणावरचा, म्हणजे पॅनलवरचा, बाण खुणेला टेकला की शू बदल, एवढं त्याला सांगितलं.

तो गेल्यावर शेठनी विचारलं, “गिऱ्हाईक न घेताच गेलं असतं तर?”

“गेलं असतं. पण बाबांना ओरिजनल म्हणून असाच शू याच पेठेतून मिळाला होता. शिव्या गावात त्यांनी खाल्ल्या. दुकान तिथे कोणाला ठाऊक असतं?”

काका खोकी लावत राहिले. शेठ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी पगार सांगितला, वेळ सांगितली, सकाळी दहा ते रात्री आठ. “तुला काही विचारायचंय?”

“बाथरूम कुठे आहे?”

त्या प्रश्नाची तयारी तिथे कोणाचीच नव्हती. पोरं कोपऱ्यावरच्या मुतारीत जायची. दहा तास उभं राहण्याचं काम, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी विचारायचा होता. शेठ चप्पल घालून बाहेर गेले. वीसेक मिनिटांनी मागच्या वाड्यातल्या संडासाची किल्ली घेऊन आले आणि बेअरिंगच्या कप्प्याशेजारी खिळ्याला अडकवली.

“उद्या दहाला ये,” म्हणाले.

सुतळी ओवलेली ती किल्ली आजही त्याच खिळ्याला आहे.