भाच्याची पहिली शिकार आणि माझी घाई

भाच्याला पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला न्यायचे ठरले तेव्हा त्याला काय शिकवायचे याचा मी पुष्कळ विचार केला होता. त्याच्याशेजारी बसून मी स्वतः कसे वागायचे याचा मात्र अजिबात केला नव्हता. तो १३ वर्षांचा आहे. परवाना, सुरक्षिततेचा अभ्यासक्रम आणि हंगामाच्या तारखा हे सारे रीतसर झाले होते.

मोठ्या जनावरासाठी मोठी रायफल हवी असे समजून मुलाच्या हाती जोरदार धक्का देणारे हत्यार देणारे लोक मी पाहिले आहेत. अशा मुलाला दोन-चार गोळ्यांतच चाप ओढण्यापूर्वी डोळे मिटण्याची सवय लागते आणि ती सहजासहजी मोडत नाही. गोळी योग्य जागी लागणार असेल तर हरणासाठी .२४३ विंचेस्टर ही कमी धक्का देणारी रायफल पुरते, म्हणून मी तीच निवडली. दोन महिने आम्ही सराव केला: कानांवर संरक्षक, आधी रिकाम्या रायफलचा चाप ओढणे, मग मोजक्या गोळ्या, आणि शेवटी टेकूच्या काठ्यांवर रायफल ठेवून १०० मीटरवरच्या ताटलीएवढ्या वर्तुळात सलग पाच. (रिकाम्या रायफलचा सराव त्याला सर्वांत कंटाळवाणा वाटला, आणि उपयोगी पडला तोही तोच.)

पहिल्या पहाटे आम्ही वाऱ्याकडे तोंड करून बसलो. इतर शिकाऱ्यांना आम्ही दिसावे म्हणून घातलेली नारिंगी जाकिटे पाहून हरीण पळणार नाही का, असे त्याने विचारले. हरणाला नारिंगी आणि लाल रंग आपल्यासारखे ठळक दिसत नाहीत, पण हालचाल आणि वास त्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही, असे मी सांगितले, तेव्हापासून तो इतका स्तब्ध बसला की मलाच अवघडल्यासारखे झाले.

उजाडल्यावर सुमारे ८० मीटरवर एक नर झाडीतून बाहेर येऊन आडवा उभा राहिला. पुढच्या पायामागची, हृदय आणि फुप्फुसांची जागा पूर्ण उघडी होती. "मार," मी कुजबुजलो. त्याचे बोट चापाच्या बाहेरच राहिले. "अरे, मार की आता!" मी पुन्हा म्हणालो. नर दोन पावले पुढे गेला, थबकला आणि उडी मारून दिसेनासा झाला. मी चिडलो होतो, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्यात, नर जिथे उभा होता त्याच्या बरोबर मागच्या झुडपातून एक हरिणी बाहेर पडली.

"मामा, मला तिचे कान दिसत होते," तो म्हणाला.

गोळी एका जनावराच्या आरपार जाऊन मागच्याला लागू शकते, हे त्याला मीच शिकवले होते. दुर्बिणीतून मी फक्त शिंगे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जवळपास ६० मीटरवर एकटा नर आला आणि मी तोंड बंद ठेवले. भाच्याने बराच वेळ घेतला. गोळी सुटताच हरीण उसळले आणि झाडीत घुसले. तो धावायला उठला, तेव्हा त्याला खांद्याला धरून मी खाली बसवले आणि घड्याळ दाखवले: अर्धा तास. फुप्फुसांना गोळी लागलेले हरीणही १०० मीटर पळू शकते, आणि जखमी जनावराचा लगेच पाठलाग केला तर ते आणखी दूर जाऊन सापडेनासे होते. रक्त फिकट आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, गडद असेल तर बहुधा यकृत, आणि हिरवट घाण दिसली तर गोळी पोटात लागली असे समजून कित्येक तास थांबायचे, हे मी त्या अर्ध्या तासात त्याला समजावले. तो ऐकत होता की नाही, कोण जाणे. त्याचे गुडघे थरथरत होते.

फेसाळ रक्ताचा पहिला थेंब त्यानेच शोधला. हरीण ७० पावलांवर पडले होते. मागच्या बाजूने जाऊन लांब काडीने त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. भाचा खाली बसला आणि त्याने मानेवर हात ठेवला. मी शाबासकी दिली नाही; ती तेव्हा फार उथळ वाटली असती.

मांस लवकर थंड व्हावे म्हणून पोट तिथेच फाडून आतडी काढावी लागतात. त्याने एकदा तोंड फिरवले, मग मागचा पाय घट्ट धरला आणि गोळी कोठून गेली ते दाखव म्हणाला. दोन्ही फुप्फुसांना भोक पडले होते.

ओढत नेण्यापूर्वी रायफल मी रिकामी केली आहे असे त्याला सांगितले. तरीही त्याने ती माझ्याकडून घेतली, गोळीच्या घराचा बोल्ट उघडला आणि आत स्वतः डोकावून पाहिले.