समान आयन परिणाम वर्गात दाखवताना: गुलाबी रंग जात का नाही?

समान आयन परिणाम म्हणजे द्रावणात आधीच असलेला आयन बाहेरून आणखी घातला की समतोल उलट सरकणं. तो दाखवायला मी अमोनिया, फेनॉल्फ्थॅलिन (आम्लारीत गुलाबी होणारा दर्शक) आणि अमोनियम क्लोराइड वापरतो; क्लोराइड टाकल्यावर गुलाबी रंग जायला हवा. मिठाच्या संपृक्त द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून मीठ खाली बसवणं जास्त देखणं खरं, पण त्या आम्लाच्या वाफा बंद वर्गात नकोत.

फसगत होते ती अमोनियाच्या तीव्रतेत. ०.१ मोलर अमोनियाच्या ५० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं तरी पीएच ८.७ च्या आसपास अडतो. फेनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ च्या खाली गेल्यावरच पूर्ण रंगहीन होतं, म्हणून गुलाबी नुसता फिका पडतो आणि मागच्या बाकांना काही कळत नाही. तो पुरता घालवायला ५ ग्रॅम तरी लागतात. मी सरळ ०.०१ मोलर घेतो: २५ टक्क्यांच्या लिकर अमोनियाचे (अमोनियाच्या तीव्र द्रावणाचे) पाऊण मिलिलिटर १ लिटर पाण्यात. वारंवार उघडलेल्या बाटलीतला अमोनिया उडालेला असतो. तेव्हा थोडा जास्त घ्यावा. ५० मिलिलिटरला दर्शकाचे दोन थेंब, बीकरमागे पांढरा कागद. पीएच १०.६, रंग ठसठशीत. १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड ढवळलं की पीएच ७.७ वर, पाणी नितळ.

इथे चुणचुणीत मुलं अडवतात: “सर, अमोनियम क्लोराइड आम्लधर्मी असतं, त्यानंच आम्लारी मारला असेल!” शंका रास्त आहे. म्हणून त्याच गुलाबी द्रावणाचे आणखी दोन बीकर तयार ठेवतो. एकात १ ग्रॅम मीठ: रंग तसाच, म्हणजे हे क्लोराइडचं काम नव्हे. दुसऱ्यात १ ग्रॅम अमोनियम ॲसिटेट, ज्याचं द्रावण जवळपास उदासीन असतं: इथेही रंग जातो. अमोनियम क्लोराइड आणि ॲसिटेट या दोन्हींत सामाईक आहे तो अमोनियम आयन. अमोनिया पाण्यात हाच आयन आणि हायड्रॉक्साइड देतो. तो वाढला की समतोल अमोनियाकडे सरकतो आणि हायड्रॉक्साइड घटतो. अमोनियम क्लोराइड विरघळताना बीकर गार पडतो. रंग थंडीनं गेला असं कुणी म्हणालं, तर बीकर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ठेवून द्यायचा. रंग परतत नाही.

मग सॉल्ट ॲनालिसिसकडे, म्हणजे क्षारातले आयन गटागटानं ओळखण्याकडे वळतो. तिसऱ्या गटात अमोनियाआधी अमोनियम क्लोराइड का, हे पाठ असतं, पाहिलेलं नसतं. दोन परीक्षानळ्यांत ०.१ मोलर मॅग्नेशियम सल्फेटचे २-२ मिलिलिटर. एकीत २ मोलर अमोनियाचा १ मिलिलिटर: पांढरा गढूळपणा. दुसरीत आधी अर्धा ग्रॅम अमोनियम क्लोराइड विरघळवून तेवढाच अमोनिया: हायड्रॉक्साइड घटल्यानं मॅग्नेशियम खाली बसत नाही, द्रावण स्वच्छ. चिमूटभरात भागत नाही, तिथेही गढूळ होतं.