मोजे घालायला तिला आडवं पडावं लागायचं

दोन महिने मी लेकीला एकच वाक्य ऐकवत होते, सरळ बस. मोबाईल घेतला की सरळ बस, अभ्यासाला बसली की सरळ बस, आणि ती "आई, कंबर दुखतेय गं" म्हणाली की त्यावरही उत्तर तेच, मग सरळ बसत जा ना. वय वर्षं १३. एवढ्याशा वयात कसली आलीये कंबरदुखी, असं घरात सगळ्यांचंच म्हणणं होतं आणि माझंही तेच होतं.

मग एका सकाळी तिच्या खोलीत गेले तर ही युनिफॉर्म घालून पलंगावर उताणी पडलेली, एक गुडघा छातीशी ओढून घेतलेला आणि तशीच पडल्या पडल्या पायात मोजा चढवतेय. म्हटलं हे काय नवीन? तर अगदी सहज म्हणाली, वाकलं की चमक निघते ना, म्हणून मी असेच घालते. कधीपासून विचारलं तर, "झाले बरेच दिवस." तेव्हा एकेक आठवायला लागलं, बुटाची लेस बांधताना ती पाय खुर्चीवर ठेवायची, खाली पडलेलं पेन धाकट्याला उचलायला लावायची, आणि मी त्यावरून तिला आळशी म्हटलं होतं. आईला सांगून काही होत नाही म्हटल्यावर पोरीने आपली आपण सोय लावून घेतली होती. हे मला अजून टोचतं, म्हणूनच हे सगळं लिहितेय.

पहिला संशय अर्थातच दप्तरावर. वजनकाट्यावर आधी मी नुसती उभी राहिले, मग दप्तर घेऊन, सहा किलो भरलं. लगेच नवीन दप्तर आणलं, रुंद पट्ट्यांचं, पाठीला गादी असलेलं, रोज रात्री बसून नको ती पुस्तकं काढायला लावली. तीन आठवड्यांनी कंबर तशीच. तेव्हा मी शोधून शोधून वाचायला लागले आणि कळलं की दप्तर आणि पाठदुखी या विषयावर झालेले ६९ अभ्यास एकत्र तपासून २०१८ मध्ये एक आढावा आलाय, ७२ हजारांवर मुलांची माहिती होती त्यात, आणि दप्तराच्या वजनामुळे किंवा ते कसं अडकवलंय त्यामुळे पाठदुखी होते असा पटण्यासारखा पुरावा काही त्यांना मिळाला नाही. एक गोष्ट मात्र मिळाली, ज्या मुलांना आपलं दप्तर जड *वाटतं*, न्यायला जीवावर येतं, त्यांच्यात पाठदुखी जास्त दिसते. म्हणजे काट्यावरचा आकडा एक आणि त्या मुलाच्या अंगात किती ताकद आहे, त्याला किती थकवा आलाय ते वेगळंच. दप्तर हलकं केलंत तर चांगलंच आहे, खांदे भरून येत नाहीत, पण दप्तर बदललं आणि आपलं काम झालं असं समजून मी तीन आठवडे घालवले तसं करू नका एवढंच.

आणि ही आपलीच पोर काहीतरी वेगळी आहे असं मला वाटत होतं तेही चूक निघालं. डेन्मार्कमध्ये २९ हजारांवर जुळ्या भावंडांचा एक अभ्यास झाला होता, १९९८ साली छापून आला, त्यात दिसलं की मुली १८ वर्षांच्या आणि मुलगे २० वर्षांचे होईपर्यंत निम्म्याहून जास्त जणांची कंबर एकदा तरी दुखून गेलेली असते. बारा-तेरापासून हे प्रमाण जे चढायला लागतं ते विशीपर्यंत जवळजवळ मोठ्या माणसांइतकं होतं. मुलींमध्ये थोडं जास्तच.

एका डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तिला हातही न लावता वाढीचं वय आहे, होतं असं, म्हणून गोळ्या लिहून दिल्या. वाढीचं वय हे खरंच होतं, पण त्यापुढे एकही प्रश्न नाही. नंतर एका फिजिओ मॅडमकडे गेलो आणि तिथे मी पहिल्यांदा बघितलं की तपासणं म्हणजे काय असतं. त्यांनी तिला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा न वाकवता एक पाय वर उचलायला लागल्या, आणि तो अर्ध्यावर येऊन थांबला, मांडीच्या मागची शीर अशी ताणून दोरीसारखी झालेली मला बाजूला उभं राहून दिसत होती. दुसरा पायही तसाच. मग त्यांनी विचारलं, वर्षभरात उंची किती वाढली? दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलने खुणा करतो त्यामुळे आकडा तोंडावर होता, आठ सेंटीमीटर. त्या म्हणाल्या, हाडं आधी लांब होतात आणि स्नायू मागून येतात, मधल्या काळात सगळं ताणलेलं असतं, मांडीमागचे स्नायू आखडले की ते कमरेला खालून ओढून धरतात आणि मग वाकायचं काम सगळं कंबरेवरच पडतं. मुलींची ही झपाट्याची वाढ साधारण १२ च्या आसपास होते, मुलग्यांची १४ च्या. मॉन्ट्रियलमध्ये शाळकरी मुलांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला होता, त्यातही कंबरदुखी कोणाला जास्त झाली तर भराभर उंची वाढलेल्यांना, मांडीचे स्नायू आखडलेल्यांना, शाळा सांभाळून काम करणाऱ्यांना आणि सिगरेट ओढणाऱ्यांना. सिगरेटचं वाचून मी चमकलेच होते, पण मोठ्या माणसांमध्येही तंबाखू आणि कंबरदुखी यांचा संबंध दिसतोच.

मग खेळाचं विचारलं. इथे आमचं गणित फारच बिघडलेलं होतं. आधी सहा महिने अभ्यासाच्या नावाखाली बॅडमिंटन बंद, आणि मग स्पर्धा आली म्हणून एकदम रोज दोन तास प्रॅक्टिस, रविवारी तीन. अंगाला सवयच नाही आणि वरून धाडकन एवढा भार. मला वाटायचं खेळणाऱ्या मुलांची पाठ दुखत नाही. तर तसं नसतं, अजिबात न हलणारी मुलं आणि प्रमाणाबाहेर खेळणारी मुलं, दोघांनाही त्रास होतो, पोरांनी रोज तासभर घाम येईल असं हलावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते पण ते रोज, महिनोन्‌महिने, असं सहा महिने शून्य आणि नंतर एकदम डोंगर नव्हे.

जिम्नॅस्टिक करणारी, फास्ट बोलिंग करणारी, वेटलिफ्टिंग, डायव्हिंग करणारी मुलं यांच्यासाठी हे जरा जास्त गंभीर आहे. पाठ मागे वाकवून वळवायची क्रिया हजारदा केली की मणक्याच्या मागच्या बाजूच्या एका बारीक हाडाला तडा जाऊ शकतो, बहुतेक वेळा कंबरेच्या पाचव्या म्हणजे सगळ्यात खालच्या मणक्याला, त्याला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात. अशा मुलाला पुढे वाकताना कमी पण मागे वाकताना जास्त दुखतं, आणि त्याला अंगावर काढत खेळवत राहिलं तर तो मणका पुढे सरकूही शकतो. फिजिओ मॅडमनी हिला एका पायावर उभं करून मागे वाकायला लावलं ते हेच बघायला. हिला नाही दुखलं, तेव्हा माझ्या जीवात जीव आला. पण ज्यांना दुखतं त्यांना चांगले तीन-तीन महिने खेळ थांबवावा लागतो, आणि कोच काय म्हणतील या धाकाने पोरं सांगतच नाहीत.

यानंतर मॅडमनी जे विचारलं त्याची मला कल्पनाच नव्हती. झोप किती वाजता लागते? डोकं दुखतं का, पोट दुखतं का मधून मधून? शाळेत कसं चाललंय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली, हो पोट दुखतं, सकाळी सकाळीच दुखतं. शाळेच्या प्रश्नावर लेक गप्प झाली आणि बोटं मोडत बसली. मॅडमनीही घाई केली नाही. मग हळूहळू आलं बाहेर, की जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात गेली, मधल्या सुट्टीत ही एकटीच बसते, रात्री बारा-साडेबारापर्यंत ग्रुपवर आपल्याबद्दल कोण काय बोलतंय ते बघत जागी असते. मी शेजारी बसून पहिल्यांदा ऐकत होते हे.

आता इथे कृपा करून कोणी असं समजू नका की दुखणं मनाचं होतं, नाटक होतं. मला हे फार कळकळीने सांगायचंय. दुखणं शंभर टक्के खरं असतं. झोप पुरी नसली आणि मनावर ताण असला की शरीराची धोक्याची घंटा हलक्याशा धक्क्यानेही जोरात वाजायला लागते, आखडलेला स्नायू एरवी जेवढा दुखला असता त्याहून जास्त दुखतो. ब्रिटनमध्ये कंबर न दुखणाऱ्या हजारावर मुलांना, ११ ते १४ वयाच्या, वर्षभराने परत विचारलं होतं, २००३ मध्ये आला तो अभ्यास, आणि पुढे कोणाची कंबर दुखणार याचा अंदाज दप्तराच्या वजनावरून येतच नव्हता, येत होता तो मुलाच्या मनाच्या अस्वस्थतेवरून आणि वारंवार होणाऱ्या डोकेदुखी-पोटदुखीवरून. आई-वडिलांना कंबरदुखी असेल तर मुलांमध्येही जास्त आढळते हेही आहे, हिच्या बाबांची कंबर वर्षातून दोनदा धरतेच.

एमआरआय करू या का म्हणून मीच मागे लागले होते. मॅडमनी समजावलं की बहुतेक पोरांमध्ये दुखण्याचं एक असं कारण फोटोत सापडत नाही, उलट जी मुलं ठणठणीत आहेत त्यांच्यातल्याही काहींच्या मणक्यांमधल्या गाद्या थोड्या झिजलेल्या दिसतात आणि मग तोच शब्द धरून घरचे घाबरतात. पण काही गोष्टी दिसल्या तर एक दिवसही थांबायचं नाही, त्या मी फ्रिजवर लिहून लावल्यात. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप किंवा वजन उतरणं, पायात मुंग्या-बधिरपणा, पाय उचलताना ताकद न लागणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पडून किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. आणि सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ ताठ, हिंडलं फिरलं की मोकळी, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायचं, तो पोरांनाही होतो. लहान मूल असेल, दहाच्या आतलं, तर कंबरदुखी कधीच अंगावर काढू नये.

आमचं पुढे काय झालं तर झोपून आराम असा दिलाच नाही त्यांनी. रोज मांडीमागचे ताण, पोटाचे आणि पाठीचे दोन-तीन व्यायाम, दहा मिनिटांचे, बॅडमिंटन आधी एक दिवसाआड अर्धा तास आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत. फोन रात्री साडेनऊला हॉलमध्ये, माझा आणि हिच्या बाबांचाही, नाहीतर ती का ठेवेल. या वयात ८ ते १० तास झोप लागते, तिची साडेसहाच होत होती. सरळ बस म्हणणं मी सोडून दिलं, कारण एकच योग्य बसणं असं काही नसतंच म्हणे, अर्ध्या पाऊण तासाने उठून हलणं जास्त महत्त्वाचं. शाळेत जाऊन तिच्या बाईंशी बोलले, त्यांनी गाजावाजा न करता तिला एका प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये घातलं. यातलं नक्की कशाने बरं वाटलं ते मला वेगळं काढून दाखवता येणार नाही, सहा-सात आठवडे गेले त्यात.

एकदा कंबर दुखली की परत दुखायची शक्यता जास्त असते हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. मागच्या महिन्यात तसंच झालं, स्पर्धेनंतर दोन दिवस पुन्हा चमक. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, आई, परत सुरू झालंय, मोजे घालताना दुखलं. मी गॅस बंद केला आणि विचारलं, मागे वाकून बघ बरं, तिकडे दुखतं का.