आमची वाटचाल : नळी, फिल्टर आणि थकलेली उधारी

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आम्ही ठिबकात आलो. सुरुवातीची वर्षे बरी गेली, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. २०१२च्या दुष्काळात बोअर आटले तसे गिऱ्हाईक वाढले, आणि समोरच्या दुकानात निम्म्या भावाची नळी आली.

ती भंगार प्लास्टिकच्या दाण्याची. मापाला १६ मिमी, पण भिंत कुठे जाड, कुठे पातळ. उन्हापासून नळी वाचवणारी काळी पूड, म्हणजे कार्बन ब्लॅक, नीट न मिसळल्याने उन्हात तडकायची, बहुधा टेकऑफच्या, म्हणजे मोठ्या पाइपाला नळी जोडतात त्या, तोंडाशीच. तरी ठिबक नळीच्या भारतीय मानकाचा, आयएस १३४८८चा शिक्का तिच्यावरही! आम्ही कोरा दाणा सोडला नाही. गिऱ्हाईक तुटले, उधारी थकली, कंपनीने माल रोखला. ‘महागडे दुकान’ हे शेजाऱ्याने पाडलेले नाव अजून चिकटलेले आहे.

सांगोल्याकडचे एक डाळिंबवाले मामा तेवढे हलले नाहीत. नळीचा भाव विचारण्याआधी ते ड्रीपरमधून (पाणी ठिबकते ते तोंड) पडणारे पाणी मोजायचे. लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या नळीच्या, सुरुवातीला, मधोमध आणि शेवटी मापाचे भांडे ठेवायचे. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरखाली ३ मिनिटांत २०० मिली भरले पाहिजे. शेवटी १५०च भरले तर लॅटरल जास्त लांब किंवा दाब अपुरा. सगळीकडेच कमी असेल तर आधी फिल्टर बघा. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये दाबाचा अर्ध्या किलोचा फरक पडला की बॅकवॉश, म्हणजे उलटे पाणी सोडून फिल्टर धुणे. एखाददुसराच ड्रीपर मंद असेल तर क्षार. त्यासाठी बादलीभर पाण्यात मोजून आम्ल टाका (आम्ल पाण्यात, उलटे कधीच नाही), सामू (पीएच) ४वर आला की तेच प्रमाण व्हेंचुरीतून (संचात खत-औषध ओढून घेणारी जोडणी) सोडा. २४ तास संच बंद ठेवा, मग नळीच्या टोकाचे बूच (एंड कॅप) काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करा.

ठिबक बसवले की बोअर वाचतो, असे सांगून मात्र आम्ही संच विकला नाही. वाचलेल्या पाण्यावर दोन एकर बाग वाढवली तर उपसा होता तेवढाच, वर पाटपाण्यातले मुरणारे पाणीही बंद. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो तो मुरमात आणि फटींत. खाली फट लागली नाही तर सहाशे फुटांवरही नुसती पूड. म्हणून ऑक्टोबरात विहिरीची पातळी मोजा, मग उन्हाळी क्षेत्र ठरवा. साडेसात एचपीची मोटार मागणाऱ्याला आम्ही आधी पातळीच विचारतो. त्यावरूनही काही गिऱ्हाइके समोर गेली.