शून्य दिवसाच्या नळीतला एक रेणू

इन्फ्लुएन्झाची लस टोचली की साधारण सातव्या दिवशी रक्तात प्लाझ्माब्लास्ट नावाच्या, भराभर प्रतिपिंडं सोडणाऱ्या पेशींची लाट येते आणि थोड्याच दिवसांत ओसरते. म्हणून आमच्या अभ्यासात रक्त तीनदा घेतलं जातं. लस देण्याआधी एकदा, त्याला आम्ही शून्य दिवस म्हणतो, मग सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. त्यातल्या बी-पेशींच्या, म्हणजे ज्यांच्या वंशातून प्रतिपिंडं तयार होतात त्या पेशींच्या, आरएनएवरून प्रतिपिंडांच्या जनुकांचा क्रम वाचायचा आणि लसीने कोणाला जागं केलं ते शोधायचं, हे माझं काम.

त्या सकाळी मी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंचं सातव्या दिवसाचं सॅम्पल उघडलं. मला त्या फक्त क्रमांकाने माहीत. एका क्लोनने त्या नळीतली जवळजवळ पाचवा हिस्सा जागा अडवली होती. क्लोन म्हणजे एकाच मूळ बी-पेशीचा वंश. प्रतिपिंडाच्या जड साखळीची जनुकं आपल्या १४व्या गुणसूत्रावर तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असतात. व्ही नावाचे चाळीसेक उपयोगी तुकडे, डीचे वीसच्या वर, जेचे सहा. प्रत्येक बी-पेशी जन्मताना प्रत्येकी एक तुकडा उचलते, जोडते आणि सांध्यात डीएनएची काही अक्षरं आपल्या मनाने भरते. ही जोडणी उलगडणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांना १९८७ साली नोबेल मिळालं. दोन अनोळखी पेशींचा असा लांब सांधा अक्षरशः सारखा निघणं फारच दुर्मीळ, म्हणून सांधा आम्हाला आडनावासारखा उपयोगी पडतो. पुढे संसर्ग किंवा लस भेटली की वंश वाढतो आणि प्रत्येक पिढीत एखाद-दुसरं अक्षर बदलत जातं. कोण कोणाचं मूल, हे त्या बदलांवरून कळतं.

या वंशातल्या सगळ्या पेशींमध्ये व्ही तुकड्याची १८ ते २४ अक्षरं बदललेली होती. एवढे बदल सात दिवसांत होत नाहीत. म्हणजे लसीने नवी पेशी घडवली नव्हती, जुनी स्मृतिपेशी, म्हणजे आधीच्या संसर्गाची किंवा लसीची आठवण ठेवणारी पेशी, उठवली होती. इथवर नवल नाही, प्रौढांमध्ये बहुतेकदा हेच दिसतं. नवल पुढे होतं. आमच्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी धावत आली. ‘‘ताई, हाच क्लोन शून्य दिवसाच्या नळीतही आहे! ३१ रीड्स!’’

रीड म्हणजे यंत्राने एकदा वाचलेला क्रम. झोपलेली स्मृतिपेशी लस देण्याआधीच हाती लागली होती, असा त्याचा अर्थ. तिचा आनंद मला समजत होता. एका नळीत येतं ते थोडंसं रक्त, आणि शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी (बी-पेशी त्यांतल्याच) रक्तात फिरणाऱ्या जेमतेम दोन टक्के. नेमकी हवी ती पेशी त्यात सापडावी, याची मीही कित्येक वर्षं वाट पाहत होते. म्हणूनच मला धास्ती वाटली. दोन्ही सॅम्पल एकाच रनवर, म्हणजे यंत्राच्या एकाच फेरीत, वाचलेली होती. सिक्वेन्सिंगच्या वेळी थोड्या रीड्सवर शेजारच्या सॅम्पलचा बारकोड, म्हणजे सॅम्पल ओळखायची खूण, चढतो, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. सातव्या दिवशी जो क्लोन इतका फोफावलाय, त्याचे चार थेंब शेजारी उडाले तर ३१ रीड्स सहज होतात. मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘आज कोणाला सांगू नकोस.’’

परीक्षा घ्यायला एक साधन हाताशी होतं. आरएनएचं डीएनए करतानाच आम्ही प्रत्येक रेणूला १२ अक्षरांचं यादृच्छिक टोक जोडतो. अशी १ कोटी ६७ लाखांहून जास्त टोकं संभवतात. नंतर एका रेणूच्या कितीही प्रती निघोत, टोक तेच राहतं. म्हणजे रीड जर सातव्या दिवसाच्या नळीतून उडून आली असेल, तर तिचं टोकही तिथल्याच एखाद्या रेणूशी जुळायला हवं.

३१ रीड्स चार टोकांमध्ये वाटल्या गेल्या. पहिलं टोक सातव्या दिवसाच्या यादीत सापडलं. दुसरंही. तिसरंही. माझ्या शेजारी बसलेली ती मुलगी गप्प झाली होती. २२ रीड्स तिथेच बाद झाल्या. चौथं टोक, नऊ रीड्सचं, त्या यादीत नव्हतं. मी एका अक्षराची चूक गृहीत धरून पुन्हा शोधलं, तरी नाही.

मग त्या नऊ रीड्सचा एकत्रित क्रम काढला. सांधा तोच, पण बदललेली अक्षरं फक्त १३. त्यांपैकी १२ अशी, जी सातव्या दिवशीच्या झाडून सगळ्या भावंडांत होती, आणि एक बदल त्याचा एकट्याचा. सातव्या दिवशीच्या क्रमांवरून सॉफ्टवेअरने आदल्याच रात्री वंशवृक्ष काढला होता. जिथून सगळ्या फांद्या फुटतात, तिथे त्याने एका पूर्वजाचा क्रम गणिताने मांडून ठेवला होता, त्यात बरोबर तेच १२ बदल होते. मी दोन्ही क्रम एकाखाली एक ठेवले. एका अक्षराचा फरक. हात थरथरत होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आमच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी खूप वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘पेशी वेगळ्या करतानाच दोन नळ्यांमध्ये काही मिसळलं असेल तर?’’ प्रश्न रास्त होता. आरएनएला टोक लागण्याआधीच भेसळ झाली असेल, तर टोक वेगळंच असणार. फक्त मग सातव्या दिवशीच्या एवढ्या ढिगात इतके कमी बदल असलेला एकही क्रम का नव्हता, याचं उत्तर मिळत नव्हतं. पण ‘का नव्हता’ हा पुरावा होत नाही. एका रेणूवर मला काहीही उभं करायचं नव्हतं.

शून्य दिवसाच्या पेशींची आणखी एक कुपी द्रवरूप नायट्रोजनमध्ये होती. एकच. ती वितळवली की संपली. मॅडमनी परवानगी दिली. वेगळा दिवस, वेगळं टेबल, नवी रसायनं, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे बारकोड, आणि त्या रनवर सातव्या दिवसाचं एकही सॅम्पल नाही. पेशी वितळवताना पोषक द्रव असा घालतात की एकेक थेंब मोजावा. ते काम त्या मुलीने केलं आणि माझ्यापेक्षा स्थिर हाताने केलं.

निकाल यायला जवळजवळ तीन आठवडे गेले. या काळात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाचत होते. १९१८ ते १९५७ या काळात माणसांत फिरणारा ए प्रकारचा इन्फ्लुएन्झा एच१एन१ होता. १९५७मध्ये एच२एन२ने त्याची जागा घेतली, १९६८मध्ये एच३एन२ आला, आणि एच१एन१ पुन्हा दिसला तो थेट १९७७मध्ये. बालपणी ज्याची पहिली गाठ पडते, त्याची छाप शरीर आयुष्यभर बाळगतं, असं टॉमस फ्रान्सिस यांनी १९६०मध्ये मांडलं. या बाईंचं बालपण १९५७च्या आधीचं. हा वंश तेव्हापासूनचा आहे, असं मी लिहू शकत नाही. बदलांच्या संख्येवरून पेशीचं वय काढता येत नाही, आणि मधल्या प्रत्येक लसीने, प्रत्येक तापाने त्यात भर घातलेली असू शकते. तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर मी त्या लहान मुलीचा विचार करत असे.

दुसऱ्या कुपीत त्या सांध्याचे दोन रेणू निघाले. दोन्ही टोकं पूर्वी कुठेच न दिसलेली. एकात १४ बदल होते. दुसऱ्यात १२, तेच १२, ना एक जास्त ना एक कमी. गणिताने मांडलेला पूर्वज अक्षर न अक्षर समोर होता.

त्या मुलीने मला विचारलं, ‘‘ताई, आता सांगू?’’

‘‘सांग,’’ मी म्हटलं, आणि ती मॅडमच्या खोलीकडे पळाली.